आयलंड

पर्वरीच्या फ्लॅटमध्ये मिंगेलने
फरशीवर खडूने आखलं, सहा बाय तीन.
"चारी बाजूंनी फिरायला तीन तीन फूट सोडतो, बाय."

मी चोडणची.
चारी बाजूंनी पाणी मला नवं नाही.
शेवटची फेरीबोट चुकली
की रात्र रायबंदरच्या धक्क्यावर.

सुलक्षा म्हणते, काळा ग्रॅनाइट घे,
हळदीचे डाग दिसत नाहीत.
मला दिसायला हवेत.

खडूच्या रेघेत पाट टाकून बसले,
विळीवर अर्धा नारळ खवला, बघू म्हणून.
मिंगेल टेप गुंडाळता गुंडाळता थांबला.
"इतकं खाली?"

"नाही रे, उंची तीच ठेव.
फक्त खिडकीकडच्या कोपऱ्यात
जरा पुढे काढ, धक्क्यासारखं.
कोणी आलंच तर लागेल."