मीटर कुठे आहे

रविवारी सकाळी साडेसहा, टेंभी नाका.
सतरा माणसं, सतरा बाटल्या, तीन टोप्या.
केतकी गुप्ते आर्किटेक्चरला आहे, तिने ओळख करून दिली:
हे मोरेश्वर नाखवा, चेंदणीचे,
यांना हा अख्खा रस्ता पाठ आहे.

पाठ वगैरे काही नाही.
सव्वीस वर्षं मी इथले पाण्याचे मीटर वाचले,
एवढंच.

ती म्हणते, मान वर करा, ती कमान बघा,
ते लाकडी घोडे, छज्जा पेलणारे.
सगळ्यांच्या माना वर.
मी नोकरीभर खालीच बघत आलो.
घोडे आज पहिल्यांदा पाहिले,
एकाला कान नाही.

सिनेगॉगचं फाटक.
इथे शनिवारी आलो की सिम्हाबाई पेझारकर हात हलवायच्या,
आज नको रे, आज लिहायचं नसतं.
लिहिणार मी होतो, त्या नाही.
तरी त्यांच्या दारात पेन काढणं बरं दिसेना.
आत मीटर शनिवारीही फिरत असणारच.
त्याला कोण सांगणार.

पुढे अग्यारी. आत जायची मुभा नव्हती,
भिंतीपलीकडून रखवालदार आकडा ओरडायचा
आणि मी लिहायचो.
डोळ्यांनी न बघता केलेली तेवढी एकच नोंद,
तिच्यावर कधी तक्रार आली नाही.

एक मुलगा विचारतो, काका, इकडे भूतबीत?
म्हटलं, थकबाकी आहे.
हसले सगळे. मी खरंच सांगत होतो.

छापखान्याच्या जागी आता मोबाईलची कव्हरं.
केतकी खिडकीच्या रंगीत काचेवर बोलते, छान बोलते.
मला आठवतं, लग्नसराईत इथला काटा धावायचा:
पत्रिका छापून झाल्या की पोरं
कोपरापर्यंत शाई धूत उभी राहायची.
किती जणांची लग्नं त्या मोरीतून वाहून गेली,
खाडीलाच ठाऊक.

मग पत्रे.
हिरवे, आठ फुटी, त्यांवर जलतरण तलावाचं चित्र.
केतकी फोनमध्ये जुना फोटो दाखवते,
तीन मजले, जिन्याला नक्षीचे कठडे,
फोटो हातोहात फिरतो,
उन्हात नीट दिसत नाही कुणालाच.

तिसऱ्या मजल्यावर टिपणीस, घड्याळं दुरुस्त करायचे.
या रस्त्यावर एकशे बेचाळीस दारांत
मी पाणी मोजलं,
प्यायलो त्या एका घरात.
तांब्या-भांडं पुढे करून म्हणायचे,
हे पण लाव माझ्या खात्यात, नाखवा.
मी म्हणायचो, लागलंय आधीच.
दर खेपेला हाच विनोद,
दर खेपेला दोघं हसायचो.

पत्र्यांमध्ये वीतभर फट आहे.
नको काका, केतकी म्हणाली, तोवर मी आत.
विटांचा चुरा, एक चप्पल, एरंडाची रोपं.
जिना नसला तरी जिन्याखालची जागा
पायाला बरोबर सापडते.
बुटाच्या टाचेने माती सारली.
झाकण तेच. उघडलं.
अंगठ्याला थुंकी लावून काच पुसली

आणि ती लाल चांदणी,
बोटाच्या नखाएवढी,
फिरत होती.

सावकाश. पण फिरत होती.
वर छप्पर नाही, नळ नाही,
तहान लागायला कुणी नाही.

गळती. दुसरं काय असणार.
कुठेतरी गंजून भोक पडलंय, माती पितेय.
तरी हात सवयीने खिशात गेला.
वही कधीच जमा केलेली,
टीएमटीचं तिकीट होतं,
त्याच्या पाठीवर आकडा लिहिला.
तारीख घातली.

काका, चला, बाहेरून हाक आली,
ऊन चढतंय, अजून जांभळी नाका व्हायचाय.

उद्या जाऊन तक्रार नोंदवीन.
येतील, खणतील, जोडणी तोडतील.
तोडायलाच हवी.

आज रविवार आहे.