चार पाऊण तीन

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात, वरच्या माळ्यावर
दोन जुन्या दारांचं मैदान अंथरलंय,
त्याला लागून निळ्या ताडपत्रीचा समुद्र.
दारांच्या बिजागऱ्या तशाच आहेत;
तिथे आम्ही घाट मानतो.

मुनाफ परकारांकडे आरमार:
पांगाऱ्याच्या लाकडाच्या सात गुराबा, अकरा गलबतं,
शिडांना जुन्या लेंग्याचं कापड.
दांडेकर गुरुजींकडे पायदळ,
बोटाच्या पेराएवढे शिशाचे गडी.
एक गडी म्हणजे दहा माणसं, असं ठरलंय.
आणि मी, दिवसा लाद्या मोजणारी,
शनिवारी रात्री पंच.
दोघांची गुपितं माझ्या एकाच वहीत;
चहा ओतताना चेहरा सांभाळावा लागतो.

मोहिमेतली तारीख: कार्तिक वद्य चतुर्थी, सकाळ.
खडपगड, जो फक्त आमच्या नकाशावर आहे,
गुरुजींनी घेरलाय.
आत परकारांचे चाळीस गडी, दारूगोळा संपत आलेला;
नवा दारूगोळा खाडीच्या तोंडाशी, तीन गलबतांत.

जमिनीवर एक डाव म्हणजे अर्धी घटका,
पाण्यावर एक डाव म्हणजे प्रहर.
नियम आम्हीच केले, वेगवेगळ्या रात्री,
आणि दोन्ही घड्याळं
एकमेकांकडे न बघता चालत राहिली.
आता गलबत आधी पोचणार, की शिडी आधी लागणार?
परकार म्हणाले, माझा फासा सहा पडलाय.
गुरुजी म्हणाले, सकाळी मतलई असतो,
वारा जमिनीकडून, आत कसा येशील?
परकार म्हणाले, वल्ही आहेत.
गुरुजी म्हणाले, वल्ह्यांचा नियम नाही.
मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
वहीत पान कोरं होतं.

तेवढ्यात धर्मा चोगले बर्फाचं बिल भागवायला वर आले.
ताडपत्रीकडे बराच वेळ बघत राहिले,
ओली टोपी हातात.
"तिथी कुठली म्हनलात?"
चतुर्थी.
"मग चार पाऊण तीन. भरती तिनाला.
नवाला सुकती.
तुमची गलबतं गाळात बसलीत कवाची."

तीस वर्षं पाऊणकी घोकून घेतलेले गुरुजी
गप्प झाले.
मग हळूच त्यांच्या लक्षात आलं
की खाडी सुकली म्हणजे
पुळणीवरून त्यांचे गडी चालत जातील,
थेट पाणदरवाजाशी,
आणि ते लहान मुलासारखे हसले.
परकारांनी गलबतं एका बोटाने कलती केली,
स्वतःच, मी सांगायच्या आत.

निकाल मी लिहिला.
खडपगड पडला. तेवीस गडी आडवे.
वहीत दहाने गुणावं लागतं,
आणि ते शेवटचं शून्य काढताना
माझं पेन नेहमी जरा अडतं.
शेजारच्या रकान्यात
त्याच दिवसाच्या लाद्या: दोनशे तीस.
हा योगायोग मी कुणाला दाखवला नाही.

धर्मा अजून उभेच होते.
गडी त्यांच्याच जुन्या पागाच्या शिशाचे,
दिवाळीआधी आम्ही मागून आणलेलं.
"जितं ऱ्हाऊ दे," म्हणाले,
"मेलेलं तेवढं परत द्या. पाग हलका झालाय."

स्टोव्हवर तेवीस जण वितळले.
आधी भाले वाकले, मग टोप्या,
मग कोण कुणाचा ते कळेना.
तेवीस गड्यांच्या एकोणीस गोळ्या झाल्या;
बाकीचे पळीला चिकटले,
परकार नखाने खरवडत बसले.

रविवारी, खरोखरच्या पंचांगात, अष्टमी होती.
आठ पाऊण सहा.
सहाला मी खाडीवर गेले.
पाणी गुडघ्यापर्यंत चढलेलं.
धर्मांनी पाग दातात धरला, कंबर वळवली, सोडला:
हवेत एक गोल उघडला
आणि त्याची कड एकाच वेळी पाण्यात गेली.

मोजायची सवय आहे मला.
मोजलं नाही.