आधीचं बंद होणं

हार्मटन सुटला की कुमासीत सगळ्यांचे ओठ फुटतात
आणि संगणकांचे पंखे अडखळतात.
सहाराची धूळ, पिठासारखी.
दर वर्षी माझं पोट तीच भरते, तिला शिव्या कशा देऊ.

ओपान्यिन बाफोरांचा निरोप गुरुवारी आला:
मशीन मरतं आणि आपोआप उठतं.
दिवसातून किती वेळा?
प्रभूपेक्षा जास्त, म्हणाले. हसले नाहीत.

असाफोत, शवपेट्या करणाऱ्या सुताराच्या शेजारी
ते मृत्यूची पोस्टरं करतात.
पिकून गेलेल्याला काळं-पांढरं, वर मथळा: तृप्त आयुष्याचा उत्सव.
अवेळी गेला तर लाल-काळं: केवढा हा धक्का.
मथळे तयार असतात. फोटो आणि नाव तेवढं बदलायचं.
शनिवारी अंत्यविधी, म्हणजे शुक्रवारी छपाई,
आणि पडद्यावर एक म्हातारबाबा, सोनेरी खुर्चीत,
कानापर्यंत उजळून झाले की
गुडुप.
मग टुण्ण. पुन्हा पहिल्यापासून.
"गावात आज डुमसोर नाही," म्हणाले, "याच्या पोटात आहे."
डुमसोर, म्हणजे गेली-आली. आमच्या विजेचं लाडकं नाव.

झाकण उघडलं, बाहेर नेऊन ब्रशने झाडलं.
एक वाळलेली पाल निघाली. तिला पोस्टर नाही.
मेमरीच्या पट्ट्यांचे पाय खोडरबरने घासले,
एकेक लावून पाहिली.
प्रोसेसरवरची पेस्ट खडू झाली होती, नवी लावली,
आणि आजारी पोराच्या उशाशी बसावं तशी आकडा बघत बसले:
पंचावन्न, अठ्ठावन्न. ताप नाही.
तरी गुडुप. तरी टुण्ण.

मग नोंदी उघडल्या.
यंत्र जागं झालं की मागच्या मरणावर एक ओळ लिहितं,
दर वेळी तीच:
आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं.
सव्वीस ओळी. कारणाच्या जागी शून्य.
बाफोर चष्मा कपाळावर सरकवून वाचत होते.
"हा मथळा माझ्याकडे नाही."

आत खोल कुठेतरी एक चौकट असते, खूण केलेलीच येते:
बिघाड झाल्यास आपोआप पुन्हा सुरू हो.
मी खूण काढली.
"ती का?"
म्हटलं, पडल्या पडल्या उठतं, म्हणून काय झालं ते दिसत नाही.
जरा पडून राहू दे. काय दुखतंय ते लिहील.

ते काही बोलले नाहीत.
भिंतीवर मान्सा आंटींचं पोस्टर होतं, लाल-काळं, ऑक्टोबरचं.
शनिवारी त्यांना पुरलं
आणि सोमवारी सातला या दुकानाचं शटर वर.
सगळ्या असाफोने पाहिलं होतं.

आम्ही वाट पाहिली. शेजारी रंधा चालला होता.
चार वाजून दहाला गेलं.
निळा पडदा नाही, अक्षर नाही, नुसतं काळं,
आणि खूण काढलेली असून उठलंच.
म्हणजे बोलायलाही वेळ मिळत नव्हता.
म्हणजे दुखणं डोक्यात नव्हतं,
वीज जिथून आत येते तिथे होतं.

वायर काढली, थांबले, पॉवर सप्लायचा डबा उघडला.
तीन कपॅसिटर, डोकी फुगलेली,
एकाच्या टाळूतून तपकिरी चीक.
किती महिने असे ताठ उभे होते कोण जाणे.

माझ्या पोत्यात एक सप्लाय होता, कंटेनरमधून आलेला,
रॉटरडॅमच्या कुठल्या शाळेचं लेबल,
त्यावर कुणा पोराने पेनने काढलेला मासा.
तो बसवला.
म्हातारबाबा पुरे झाले, खुर्चीसकट, चपलांसकट.

पैसे मोजता मोजता बाफोर म्हणाले,
"ती खूण परत करायची का?"
तुम्ही सांगा, म्हटलं.
माऊसवर हात ठेवून बराच वेळ बसले.
"राहू दे."

रस्त्यावर धूळ. कोपऱ्यावरून मागे पाहिलं.
शटर अर्धं खाली आलेलं, आत दिवा,
आणि जेमतेम साडेपाच वाजले होते.