पलीकडच्या उतारावरून

आमच्या गावात हाक मारत नाहीत.
दोन डोंगर, मध्ये दरी, दरीत काळ्या समुद्राचं धुकं;
शब्द अर्ध्या वाटेतच विरतो,
म्हणून बोट दाताखाली मुडपून शीळ घालायची.
चहा झालाय, ये.
हेझलनटची पोती संपलीत.
कुणाचीतरी गाय सुटलीये.
रुस्तेमची शीळ तिसऱ्या वळणापर्यंत पोचायची,
माझी जेमतेम त्याच्यापर्यंत.

त्याला ल्युकेमिया झाला तेव्हा अंकारात
माझ्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली,
पिशवीभर, डाळिंबाच्या रसासारखी.
त्याची स्वतःची औषधांनी जाळून टाकलेली;
त्या रिकाम्या घरात माझ्या पेशी राहायला गेल्या.
त्याचा रक्तगट आता माझा.
तपासणीच्या कागदावर, रक्तापुरता, तो बाई आहे.
"हाजेर, केस आले की वेणी घालू का?" म्हणाला,
आणि मास्कच्या आड आम्ही इतके हसलो
की नर्स धावत आली.

कर्करोग परतला नाही.
चौदाव्या महिन्यात रुस्तेम जिन्यात थांबला,
पाचव्या पायरीवर.
नळीत फुंकायला लावलं. परत. परत.
जंतू नाही, बुरशी नाही, फोटोतही फारसं काही नाही.
नुर्दान हानम माझ्याकडे न बघता बोलल्या:
तुमच्या पेशी त्याच्या फुप्फुसाला ओळखत नाहीत.
शेवयांएवढ्या बारीक श्वासनळ्या असतात,
त्यांचं अस्तर त्यांना परकं वाटतं.
त्या ओरबाडतात, वण धरतो, नळी मिटते.
मिटलेली सहसा उघडत नाही.

कुंपणानं शेत खाल्लं म्हणावं,
तर कुंपण माझ्या बांधावरचं,
आम्हीच उपटून त्याच्या बांधावर लावलेलं.
त्यांना काय माहीत.
त्या माझ्या आईच्या शिस्तीतल्या:
दारात अनोळखी चप्पल दिसली
की आधी काठी, मग चौकशी.

मग गप्प करा ना त्यांना, मी म्हटलं.
करतोय. स्टिरॉइड, इनहेलर, आणखी दोन गोळ्या.
पण अगदी गप्प नाही करता येत.
ज्या नजरेनं त्या फुप्फुस हेरतात
त्याच नजरेनं जुना रोगही हेरून ठेवतात.
त्या फार गाढ झोपल्या, तर तो उठेल.

म्हणजे माझा भाऊ
माझ्या संशयी स्वभावावर जगतोय,
आणि त्यानंच गुदमरतोय.
हे मी त्याला सांगितलं.
"लहानपणापासून तेच चाललंय," म्हणाला, दोन दमांत.

या भाद्रपदात, म्हणजे तिकडच्या सप्टेंबरात,
ऑक्सिजनचं यंत्र ओट्यावर घरघरत होतं.
मी पलीकडच्या उतारावर टोपली उतरवत होते.
त्याची शीळ आली.
पहिला सूर आला. दुसऱ्याची नुसती हवा.
तिसरा नाहीच.
शेजारणीनं विचारलं, वारा आहे का?

गाय सुटलीये म्हणतोय, मी म्हटलं,
आणि पळाले.
गाय माझीच होती.