पहिली हाक

गेन्सबरो. ट्रेंट नदीवर धुकं, तीन नंबरचं युनिट थंड.
पॅनेलच्या मागे उभं राहिलं की
आपलाच श्वास ऐकू येतो.

रिलेचं काचेचं झाकण काढते.
आतल्या बाजूला पेन्सिलीनं:
एन. ऑगली, मार्च एकोणऐंशी, ठीक.
खाली आणखी दोघं-तिघं, सगळे ठीक.
यातल्या कुणाच्याच पाळीत
याला खरं काम पडलं नाही.

कॉन्टॅक्टवर काळसर साय धरलीय. हात शिवशिवतात,
पण आधी घासायचं नाही.
घासून तपासलं तर उत्तर माझं, त्याचं नव्हे.

व्होल्टेज देते.

काहीच नाही.
ब्रेकरपाशी बसलेली मॉरीन वायरलेसवर विचारते,
"दिलंस का?"
दिलं.
पुन्हा देते. टक्क.
सुपारी फुटावी एवढाच आवाज,
तिकडे लाल दिवा विझून हिरवा लागतो.
मॉरीन म्हणते, "झालं. चल, चहा."

फॉर्मवर दोनच चौकोन: पास, नापास.
चाळीस वर्षं जागा राहिलेल्याच्या
एका डुलकीला काय म्हणायचं?

झाकणाच्या आत, सगळ्या ठीकांच्या खाली,
पेन्सिलीला टोक काढून लिहिते:
पहिल्या हाकेला ओ दिली नाही.
नवा बसवा.