पोटखराब

सातबाऱ्यावर आमच्या गोराईच्या तुकड्यात
अकरा गुंठे लागवडीखाली
आणि साडेतीन गुंठे पोटखराब.
लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं
जमिनीला जुलाब झालेत.
बस्त्याव हसून हसून ओटीवर आडवा झाला होता.

तो गेला. साडेतीन गुंठे राहिले :
घाणेरीचं रान, बुजत आलेली बावखल,
रात्री ट्रकने टाकलेलं कुणाकुणाचं तोडकाम.
दीर जुझे म्हणाला, डेब्रिज फुकट मिळतंय,
भरून घे सगळं, वर लॉन कर.
शेजारच्या मोतीरामने केलंच होतं,
शनिवारी हळद, रविवारी लग्न,
ताडांच्या गळ्यात दिव्यांच्या माळा.

मी दोन माणसं लावून उपसायला घेतलं.
निघाल्या कुणाच्या न्हाणीतल्या निळ्या टाइल्स,
टीव्हीची काच, विटा, विटा,
आणि चौथ्या दिवशी, कमरेइतक्या खाली,
काळी माती. निवट्याच्या वासाची.
उंडी, भेंडी, समुद्रफळाची रोपं बोटीतून आणली.
खलाशाने त्यांचंही तिकीट घेतलं.
खाडीकडचा बांध दोन हात फोडून ठेवला,
तिवरांना यायचं तर येऊ देत.
आली. न विचारता.
चिखलात पेन्सिली रोवल्यासारखी त्यांची मुळं.

पालिकेचा माणूस डासांची नोटीस घेऊन आला.
त्याला पाण्यातली चतुरांची पिल्लं दाखवली,
डासांची अंडी-पिल्लं खातात म्हटलं.
त्याने न बघता गुडघ्यावर कागद ठेवून सही केली.

मी काही संत नाही.
पहिल्या वर्षी बेडकांनी झोप दिली नाही
तेव्हा मी चप्पल फेकून मारली.
ती अजून तिथेच आहे. आत गोगलगाय राहते.

गेल्या ऑगस्टात
उधाणाची भरती आणि पाऊस एकाच वेळी आले.
मोतीरामच्या लॉनवरून खुर्च्या निघाल्या,
साटीनची झबली घातलेल्या, मागे गाठ मारलेल्या,
रांगेने, आमंत्रण असल्यासारख्या,
आणि माझ्या समुद्रफळांशी येऊन अडल्या.
पाणी पसरलं, टेकलं,
ओहोटीला उठून गेलं.
माझ्या उंबऱ्याला लागलं नाही असं म्हणणार नाही.
दोन बोटं लागलं. त्याच्याकडे कमरेएवढं.

सकाळी तो खुर्च्या मोजायला आला.
एकीवर पाणकोंबडी बसली होती,
ती उठेपर्यंत थांबला.
मग म्हणाला, वहिनी, हे पाणी जातं कुठं?
मला नीट सांगता येईना.
खाली, म्हटलं.
त्याने पाय दाबून बघितला.

आता पीक पाहणी फोनवर करायची असते.
यादीत भात आहे, वाल, वांगी, पांढरा कांदा.
मी बोटाने खाली खाली जाते,
माझं काही सापडत नाही.
फोटो तेवढा काढला :
चिखल, आणि चिखलात कोल्ह्याची पावलं
बावखलीकडे गेलेली.
परतीची दिसत नाहीत.
दुसऱ्या वाटेने गेला असेल.
वाटा आहेत आता.