तिसऱ्या खांबाखाली

धक्क्याच्या तिसऱ्या खांबाखाली
काळ्या समुद्रसाळूंची वस्ती आहे.
लांब काटे, वारा नसताना हलणारे,
आणि काट्यांच्या मधोमध
तरंगत राहिलेले बोटभर मासे:
रुपेरी अंग, तीन काळे पट्टे,
शेपटीला दोन लांब वाती,
परांवर तांदळाची कणी सांडावी तसे ठिपके.
मी मोजते. एकवीस, बावीस.
साळू काटे फिरवतो,
की पुन्हा एकपासून.

ओहोटीला पाणी माझ्या कमरेला.
साळू, समुद्रगवत, फुटकी कढई,
वरून येणारा साबणाचा फेस,
एवढ्यात यांचं सगळं आयुष्य.
बाकीच्या माशांची पिल्लं
अंड्यातून सुटली की प्रवाहावर बसतात
आणि परक्या बेटाच्या प्रवाळात मोठी होतात.
यांना प्रवाहावर बसता येत नाही.
समोर बांगकुरुंग दिसतं,
मधलं पाणी मात्र खोल.
पाहणीचे लोक सांगून गेले,
तिकडच्यांचं रक्त वेगळं.
पट्टे दोन्हीकडे तीनच.

मादी अंडी देते, नर ती तोंडात घेतो.
पन्नासेक नारिंगी मणी, एकमेकांना चिकटलेले,
आणि मग तोंड मिटतं.
तीन आठवडे, कधी महिनाभर
तो काही खात नाही.
कोळंबीचं पारदर्शक पोर
नाकासमोरून जातं,
तो नुसता बघतो.
आमच्या वस्तीत अशी माणसं पुष्कळ
ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.
उआ त्यांतला नव्हता.
(उआ म्हणजे बाप, आमच्या बाजो बोलीत.)

उआ हेच मासे धरायचा, हेंकीच्या बोटीसाठी.
पिशवीत अर्धं पाणी, अर्धी हवा,
एका माशामागे एक सिगारेट सुटेल एवढी किंमत.
पण जबडा फुगलेला नर दिसला
की जाळी बाजूला घ्यायचा.
मी शाळेत निबंध लिहिला: माझे वडील दयाळू आहेत.
त्याने तो वाचून घेतला माझ्याकडून.
म्हणाला, "रुस्निया, तो खात नाही. बोटीतच मरतो.
मेलेल्याचे पैसे हेंकी कापतो."

एकदाच चुकला.
जाळीत घाबरून नराने तोंड उघडलं
आणि बाहेर पडली पोरं,
तांदळापेक्षा जरा मोठी, पट्ट्यांसकट पूर्ण,
जणू कुणी लहान अक्षरात तोच शब्द
पुन्हा पुन्हा लिहिला.
उआने जाळी साळूंवर उलटी केली.
थांबला.
मग दुसऱ्या खांबाकडे गेला
आणि त्या दिवशीचे सत्तर पुरे केले.

इथेच संपवलं तर गोष्ट बरी दिसेल.
पण पोरं सोडतो त्या दिवशी
बाप महिन्याचा उपाशी असतो.
ज्या तोंडातून सुटली
त्याच तोंडापासून पळायचं असतं,
सरळ काट्यांत, बुडाशी,
जिथे मोठ्यांना शिरता येत नाही.
काटे नसतील तर
तो ओळखत नाही.
ओळखत असेलही.
पोट ओळखत नाही.

गेल्या वर्षी डिझेल महागलं,
बोटी लांब जाईनात,
लोकांनी साळू फोडून खाल्ले.
मीही खाल्ले, भाताबरोबर, वर मिरची.
चौथ्या खांबाखाली आता
सात मासे, सगळे मोठे.
तिसऱ्याखाली सदतीस,
त्यांत पोरं अकरा.
पाटीवर लिहिते,
पेन्सिल पाण्यातही चालते.

उआ धक्क्यावर पाय सोडून जाळं विणतो.
आता धरत नाही, गुडघे धरतात त्याचे.
"किती?" विचारतो.
मी आकडा सांगते, दोन्ही खांबांचा.
त्याच्या दातांत नायलॉनचा दोरा आहे.
तो तोंड उघडत नाही,
मान हलवतो,
आणि गाठ घट्ट होईपर्यंत
तसाच बसून राहतो.